डावा तिचा, उजवा माझा

"बाई, हे दोन पाय दोन वेगळ्या माणसांचे आहेत," बुटांच्या दुकानातला म्हातारा म्हणाला. "यातला कुठला धरू?"

तो त्याच्या बुटक्या स्टुलावर बसला होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि माझे पाय त्याच्या माप घ्यायच्या पत्र्यावर. चेष्टा करत नव्हता. कामाचं बोलत होता, आणि खरं बोलत होता. उजवा पाय सरळ, निमुळता, शहाण्या मुलीसारखा. डावा रुंद, घोट्याबाहेर हाडाचं टेंगूळ, करंगळी शेजारच्या बोटाखाली दडलेली. मी हे रोज बघत आले होते, पण असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं. आधी मी बसूनच पाय पुढे केला होता, तर त्यानं मला उठवलं. बसल्या पायाचं माप खोटं असतं म्हणाला, अंगाचा भार आला की पाय पसरतो, तो खरा पाय. म्हणून मी उभी होते, एका हातानं कपाट धरून, आणि आता उत्तर द्यायचं म्हणून त्या दोन पायांकडे वरून बघत होते. बघता बघता दुकानातला चामड्याचा नि डिंकाचा वास कुठेतरी मागे गेला आणि पायांखालचा पत्रा गार लागायला लागला. पत्रा गारच असतो म्हणा. पण हा गारवा माझ्या ओळखीचा होता, तळव्यातून पोटरीत चढणारा, आणि कितीतरी वर्षांनी तो न विचारता आला होता. "डावा धरा," मी म्हणाले, "आणि त्याच्याहून एक नंबर मोठा द्या. बूट माझ्यासाठी नाहीत, ताईसाठी आहेत. तिचा पाय माझ्यापेक्षा मोठा आहे."

हे मी जराही विचार न करता बोलले. ताईचा पाय मोठा, हे आमच्या घरात दार ओढून घे म्हणावं इतक्या सहज बोललं जायचं. म्हातारा काही खूश झाला नाही. ज्याचा बूट त्याचा पाय हवा, असं काहीतरी पुटपुटला आणि शिडीवर चढला. मी त्याला काय सांगणार, घोडं तिथेच तर अडलं होतं. पाय दुकानात आणता आला असता तर बुटांची गरजच कुठे होती? पानं गळायच्या दिवसांत ताई न्हाणीघरात घसरली आणि तिचं उजव्या खुब्याचं हाड मोडलं. आयुष्यभर बर्फावर ही धाकटी, आणि पडले मी, तेही साबणाच्या पाण्यावर, असं ती ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनाच सांगत होती आणि डॉक्टर हसत होते. हाडात सळई घातली, हाड जुळलं, काळ्या फिल्मवर डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं सुद्धा. आता फक्त चालायचं, म्हणाले. आणि ताई चालेना. चालणं राहू दे, उठेना. खिडकीजवळच्या खुर्चीत बसते ती बसतेच. व्यायाम घ्यायला जी मुलगी येते तिच्याशी गोड बोलते, तिच्या सासूची चौकशी करते, खुर्चीतल्या खुर्चीत घोटे फिरवते, आणि वॉकर पुढे केला की म्हणते, आज नको गं, उद्या बघू. त्या मुलीनं परवा मला जिन्यात गाठलं. मावशी, हाड बरं आहे, पण याच महिन्यात उठल्या नाहीत तर पाय उभं राहणं विसरेल, मग आपण कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही. त्या सपाता काढून टाका, पकड असलेले बंद बूट आणा, बघू त्यानं तरी धीर येतो का. तेव्हापासून माझा जीव त्या खुर्चीत अडकलाय. मला हसत हसत म्हणते, तू फिर गं भिंगरी, मला बसू दे. भिंगरी म्हणजे मी. पेपरवाल्यांनी मला काय काय नावं दिली, पण हे जुनं.

खोका काखेत मारून मी बाहेर पडले. दुकानातून ताईचं घर उजवीकडे, दोन गल्ल्या सोडून. मी डावीकडे वळले. हे माझं नेहमीचंच आहे. मला उजवीकडे वळता येत नाही असं नाही, पण पाय आपले आपण डावीकडे जातात, मग पुढच्या कोपऱ्यावर परत डावीकडे, परत डावीकडे, आणि सगळी चौकट फिरून मी जिथे जायचं तिथे येते. स्केटिंगच्या शर्यतीत बर्फाच्या ट्रॅकवर सगळी वळणं डावीच असतात. कुणी उजवीकडे वळत नाही, कधीच. किती विचित्र धंदा बघा. वाकून, पाठ जमिनीला समांतर ठेवून, एक हात पाठीवर टाकून, जीव तोडून गोल गोल फिरायचं आणि जिथून निघालो तिथेच यायचं, फक्त दुसऱ्यापेक्षा जरा आधी. एवढ्यासाठी लोकांनी मला डोक्यावर घेतलं. विमानतळावर हार काय, शाळेच्या मुलांचा बँड काय. मला तेव्हाही आतून वाटायचं, अरे, पण मी कुठे गेलेच नव्हते. मी आमच्या गावच्या गोठलेल्या तळ्यावरच होते. आता भरदुपारी रस्त्यावरून चालताना, ऊन असूनही हवा बोचरी, दुकानांच्या काचांमध्ये एक म्हातारी बाई खोका घेऊन माझ्या बरोबरीनं चालत होती आणि प्रत्येक वळणाला किंचित आत कलत होती. तिच्या डाव्या बाजूला कुणीतरी असल्यासारखी ती चालत होती.

बाबांचं धार लावायचं दुकान होतं. शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे, न्हाव्यांचे वस्तरे. दगडाचं चाक फिरायचं, त्यावर पाण्याची धार, आणि बाबांचा मळका ॲप्रन ठिणग्यांनी भोकाभोकांचा झालेला. एकदा एक उंच माणूस बर्फावर घालायचे बूट घेऊन आला, खाली लांबलचक पातं असलेले. उद्या नेतो म्हणाला आणि तो उद्या काही उजाडला नाही. बूट खिळ्याला टांगलेले. गिऱ्हाइकाच्या वस्तूला हात लावायचा नाही हा बाबांचा नियम. पण तळं गोठलं, गल्लीतली पोरं सरसर जायला लागली, आणि आम्ही दोघी दिवसभर त्या खिळ्याखाली मान वर करून उभ्या राहायला लागलो, तेव्हा बाबांनी हात टेकले. घ्या, पण जपून, गिऱ्हाईक कधीही येईल. झालं, आता आधी कोण यावरून आमची झोंबाझोंबी. आई लाँड्रीतून तेवढ्यात घरी आली होती, पाण्यानं पांढरे पडलेले हात कमरेवर ठेवून दारात उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, "माझ्या पोरींत डावं-उजवं करायचं नाही. सांगून ठेवते." बाबांना कुठलाही निकाल द्यायला नको असायचा. त्यांनी बूट खिळ्यावरून काढले, एक एका हातात धरला, दुसरा दुसऱ्या, आणि म्हणाले, "मग घे बाई, डावं-उजवंच केलं. डावा मोठीला, उजवा धाकटीला." ते विनोद करत होते. आई हसली पण. आम्ही मात्र एकेक बूट उचलला आणि पळालो.

त्या हिवाळ्यात आम्ही तशाच शिकलो. ताईच्या डाव्या पायात पात्याचा बूट, माझ्या उजव्या पायात पात्याचा बूट, दोन्हींत कापडाचे बोळे कोंबलेले, कारण बूट त्या उंच माणसाच्या मापाचे. मधल्या दोन पायांत आमचे शाळेचे बूट. माझा हात तिच्या कमरेभोवती, तिचा माझ्या. मधले पाय रेटायचे, रेटायचे, मग दोघींनी एकदमच उचलायचे, आणि दोन बाजूंच्या दोन पात्यांवर नुसतं वाहत जायचं. त्या वाहण्याला आवाज असतो, कापड फाटल्यासारखा, पण मऊ. तिचा लोकरीचा कोट माझ्या गालाला खरखर घासायचा. तळ्याच्या उजव्या अंगाला ओढा मिळायचा, तिथला बर्फ कच्चा, म्हणून आम्ही कायम डावीकडे वळायचो. ताई आत, मी बाहेर. वळणावर मी सगळं अंग तिच्यावर टाकायची आणि ती तो भार घ्यायची. काठावर कुणी उंच माणूस दिसला की गिऱ्हाईक आलं म्हणून दोघी मटकन बर्फावर बसायचो आणि पाय कोटाखाली लपवायचो. तो माणूस निघून जाईपर्यंत ढुंगण गारठून जायचं आणि हसू आवरायचं नाही. मला माझ्या सगळ्या आयुष्यात परत तितकं हसू आलेलं नाही, हे मी शपथेवर सांगते.

मास्तर तिथेच आले. ते क्लबात मुलांना शिकवायचे, शिट्टी कायम गळ्यात, आणि बोलणं त्या शिट्टीपेक्षा तिखट. ते काठावर उभे राहून आमचं चार पायांचं जनावर बघत राहिले आणि दुसऱ्या दिवशी एक बुटांचा जोड घेऊन आले. क्लबात एकीची जागा आहे, एकच जोड आहे, ज्या पायात बसेल ती माझी, म्हणाले. हे बूट वेगळे होते. पातळ, मोज्याशिवाय घालायचे, पायाला कातडीसारखे घट्ट. बुटात बोट शिरलं की बूट बाद, मास्तर म्हणायचे. ताई मोठी म्हणून आधी तिचा नंबर. मी काठावरच्या बाकावर मोजे घातलेले पाय हलवत बसले होते आणि मनात, काय सांगू, मनात काहीच नव्हतं. ती घालेल, मग मी तिच्या कमरेला धरीन, एवढंच मला कळत होतं. ताईनं बूट घातले, नाडी बांधली, उभी राहिली, थोडी पुढे गेली. मग वळली, परत आली, बाकावर बसली आणि नाडी सोडत म्हणाली, लागतो, माझा पाय मोठा आहे. मास्तरांनी खांदे उडवले आणि बूट माझ्या मांडीवर ठेवले. मला ते बसले. त्या संध्याकाळी घरी आई बाबांना सांगत होती, मोठीचा पाय मोठा निघाला हो, आणि बाबा सुरीवर बोट फिरवत नुसतं हूं म्हणाले. पुढे ताई दुकानात बसायला लागली तेव्हा बाबांचे जुने गमबूट घालायची, पाणी सांडायचं ना सारखं, आणि त्या गमबुटांत तिला बघून कुणालाही पटलं असतं, या बाईचा पाय मोठाच असणार.

क्लबात मला डावा पाय नव्हता. म्हणजे होता, पण बर्फावर नव्हता. मास्तर ओरडायचे, तुझा उजवा पाय जन्मापासून बर्फावर आहे आणि डावा आजच पाहुणा आलाय. बाकीच्या मुली डाव्या-उजव्या पायांवर लयीत झुलायच्या आणि मी डावा टेकला की लगेच उचलायची, तव्याला हात लागल्यासारखी. कारण डावीकडे ताई असायची, डावं सगळं तीच बघायची. मला तो पाय शून्यातून शिकवावा लागला. मास्तर मला एका डाव्या पायावर ट्रॅकभर फिरवायचे, मी पडायची, घोटा बाहेरच्या अंगाला बुटावर घासायचा, तिथलं टेंगूळ तेव्हाचं. आणि मग केव्हातरी मला युक्ती सापडली, ती मी मास्तरांनाही सांगितली नाही, नाहीतर त्यांनी मला वेड्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं. वळण आलं की मी मनातल्या मनात डावीकडे ताईला आणायची. खरखरीत कोट, त्यातला तिचा खांदा. आणि सगळं अंग तिच्यावर टाकायची. बघणारे म्हणायचे, ही पोरगी काय कलते, आता पडेल की काय, हात बर्फाला लागतोय. पण मी कलतच नव्हते. मी टेकत होते. पुढे माझं वळण शिकवायला फिल्म दाखवायचे लोक, इतका कोन, इतका वेग, रेघा मारून. मी मागच्या बाकावर बसून ती फिल्म बघायची आणि मला त्या रेघांच्या आत, जिथे काहीच नव्हतं तिथे, तिचा कोट स्पष्ट दिसायचा.

खरी ताई कधी शर्यतीला आली नाही. बाबा गेल्यावर दुकान तिच्या गळ्यात पडलं आणि दुकान बंद ठेवून चालणार नव्हतं. पण माझ्या पात्यांना दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. दोन्ही बूट उलटे करून चौकटीत आवळायची, दगड मागे-पुढे, मागे-पुढे, अंगाला झोका देऊन, आणि शेवटी अंगठ्याच्या नखावरून पातं ओढून बघायची. नखाचं बारीक पीठ पडलं की धार आली. तिच्या त्या नखावर कायम चरे असायचे. आधी डावा करायची. मी गमतीनं विचारलं, नेहमी डावाच का आधी, तर म्हणाली, माझा आहे तो. मोठ्या शर्यतीला मी दूर परक्या गावी गेले, बाहेरच्या लेनमध्ये उभी राहिले, आणि बंदुकीचा बार झाल्यापासूनचं मला फार थोडं आठवतं. लोकांचा गलका होता, मग तो कुणीतरी दार लावून घ्यावं तसा बंद झाला. शेवटच्या फेरीची घंटा वाजली ती मला आमच्या शाळेची वाटली. पाय जळत होते, छातीत चव रक्ताची. शेवटच्या वळणाला मी टेकले आणि कोट गालाला खरखरला, देवाशपथ खरखरला. मग सगळे उड्या मारत होते आणि मास्तर, एवढा कडू माणूस, शिट्टी तोंडात धरून रडत होते, त्यामुळे शिट्टी बारीक वाजत होती. रात्री मी ताईला फोन लावला. तिला टीव्हीवर सगळं दिसलं होतं. ती म्हणाली, धार टिकली ना? टिकली, मी म्हणाले. डाव्याची? दोन्हींची गं. मग फोनमध्ये दुकानातलं चाक थांबत थांबत गेल्याचा आवाज येत राहिला.

हे असं बरीच वर्षं चाललं. पदकं, हॉटेलांच्या एकसारख्या खोल्या, खिडकीतून दिसणारे परके दिवे, पहाटे रिकाम्या ट्रॅकवर बर्फ गुळगुळीत करणारी पाण्याची गाडी फिरून गेल्यावरचा काळा चकचकीत बर्फ. एक लग्न झालं, ते टिकलं नाही, त्याचा मला फारसा राग नाही. मी घरातही आत कलून चालते, असं तो म्हणायचा. आणि मग एका हिवाळ्यात, ती काही मोठी शर्यत नव्हती, नेहमीचंच वळण होतं, मी टेकले आणि तिथे कुणी नव्हतं. मी घसरत जाऊन कडेच्या गाद्यांवर आदळले. लागलं काही नाही. पेपरात गुडघा म्हणून आलं, मीही गुडघाच सांगितला. पण मी गाद्यांत पडून वरच्या दिव्यांकडे बघत होते आणि मला कळलं की ज्यातून मी मनात तिला उभी करत होते ते सामान संपलंय. त्यानंतर मी लहान मुलांना शिकवलं, फिती कापल्या, सत्कार घेतले. प्रत्येक सत्कारात माझं एक ठरलेलं वाक्य असायचं. माझ्या ताईचा पाय मोठा नसता तर आज इथे ती उभी असती. लोक चुकचुकायचे. गावातला सत्कार असला तर ताई पहिल्या रांगेत असायची आणि त्या वाक्याला ती अंगठ्याच्या नखाकडे बघायची. मला वाटायचं, बिचारी. मला तिची दया यायची, अगदी पोटातून यायची, आणि ती दया मला फार आवडायची, हेही खरं. तिच्यापुढे मी काही केलं की त्या मोठ्या पायाची भरपाई केल्यासारखं वाटायचं. पडली तेव्हा सुद्धा सामान घेऊन तिच्याकडे राहायला आले ते त्याच थाटात. आता मी बघते तुझं, तू बस. आणि ती बसली.

चौथ्या डाव्या वळणावर घर आलं. जिना चढून आत गेले तर ताई खिडकीशी, मांडीवर शाल, आणि खिडकीतून येणारा उजेड तिच्या पांढऱ्या केसांतून आरपार. इतका वेळ लागला, डावीकडून आलीस वाटतं, म्हणाली. मी खोका उघडला, तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि तिच्या उजव्या पायातली सपात काढली. ताईचा पाय मी असा हातात कधी घेतलाच नव्हता. गार होता, हलका होता. नव्या बुटाचा करकरीत वास. मी बूट चढवला, नाडी बांधली, आणि सवयीनं टाचेमागे बोट घातलं. बोट गेलं. दुसरं घातलं, तेही गेलं. आत पाय आणि बूट यांची ओळखच नव्हती. मी नाडी सोडली, परत आवळून बांधली, परत बोट. मला हसू आलं, मग ते थांबलं. बसून बसून पाय वाळला की काय तुझा, मी विचारलं. ती म्हणाली, मांस वाळतं, हाड कसं लहान होईल? मग मी तिच्या डाव्या पायातलीही सपात काढली, माझा बूट काढला, मोजा काढला आणि माझा उजवा पाय तिच्या त्या डाव्या पायाशेजारी जमिनीवर ठेवला. टाचेला टाच. अंगठे एका रेषेत होते.

बाहेर कुणाचातरी रेडिओ चालू होता. मी त्या दोन पायांकडे बघत बसले. दुकानातला म्हातारा असता तर म्हणाला असता, हे बघा, हे एका माणसाचे.

"तेवढाच आहे," ताई म्हणाली. "पहिल्यापासून तेवढाच आहे."

"आणि मास्तरांचे बूट?"

"बसले होते की. मस्त बसले होते."

माझ्या डोळ्यांपुढून सगळे सत्कार गेले, सगळे हार गेले, आणि मी म्हणणार होते, माझ्यासाठी केलंस का गं हे, म्हणजे तोंड उघडलं सुद्धा होतं. ताईनं ते ओळखलं आणि हात झटकला.

"तोंड असं करू नकोस. तुझ्यासाठी बिझ्यासाठी काही नाही. त्या बुटांत मी पुढे गेले ना, तर डावा पाय छान चालला. मग उजवा टाकायची वेळ आली. उजवीकडे तू असायचीस. मी बघितलं तर तिथे कुणीच नव्हतं. इतकी भीती वाटली मला, काय सांगू. मग परत आले आणि म्हटलं लागतो. भ्याले, असं कोण सांगणार? पाय मोठा म्हटलं की कुणी काही विचारत नाही."

ती खिडकीकडे बघत बोलत होती. तिची मोडलेली बाजू उजवीच होती, हे माझ्या डोक्यात आता उतरत होतं, इतके महिने समोर बसलेलं. हाड, सळई, वॉकर, सगळं ठीक होतं. ती त्या तळ्याच्या काठावर बसून होती, आणि मी पण मूर्ख, तिला वरून सांगत होते, तू बस, मी बघते. मला राग आला. कुणाचा ते कळेना. मला खांदा नव्हता म्हणून मी खांदा मनात तयार केला आणि त्यावर टेकून सगळं जग फिरून आले, आणि ही त्याच वेळी दुकानात गमबूट घालून माझ्या रिकाम्या जागेला घाबरत उभी होती. दोघींनी एकमेकींना सांगितलं असतं तर? काही झालं नसतं कदाचित. आम्ही दोघी आयुष्यभर त्या तळ्यावर चार पायांनी फिरत राहिलो असतो.

"मलाही डावा पाय नव्हता," मी म्हणाले. "सगळी वळणं तुझ्यावर टेकून घेतली मी."

"माहितेय. डावं पातं बाहेरच्या अंगाला जास्त झिजून यायचं. मीच घासत होते ना," ताई म्हणाली.

बूट तिच्या पायात तसाच होता, बोटीएवढा. शेवटी मी म्हणाले, हे बूट तर बदलून आणायला हवेत. दुकानदार चिडणार, आणि बरोबरच चिडणार. या वेळेला त्याला नीट माप द्यायचंय, आणि बसल्या पायाचं माप तो खोटं धरतो. ताईनं एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघितलं. तिला युक्ती कळली, ती काही लहान नाही. पण तिनं उद्या बघू म्हटलं नाही. मी टेबलावरचा जुना पेपर आणून तिच्यापुढे पसरला, बूट काढला, वॉकर ओढून तिच्या डाव्या हाताशी ठेवला, आणि पेन्सिल घेऊन गुडघ्यावर बसले, तिच्या उजव्या बाजूला. तिनं डावा हात वॉकरवर ठेवला. उजवा हात हवेत चाचपला आणि माझ्या डोक्यावर आला. मग खुर्ची करकरली. तिचा सगळा भार माझ्या डोक्यावर उतरला, मान मोडेल असा, आणि मी हलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यावर टेकत होती. मी वर बघितलं नाही. मी डाव्या पायाभोवती रेघ मारली, टाचेकडून सुरू करून, बोटांच्या वळणावळणानं. हा माझा, ताई वरून म्हणाली. मग मी उजव्याकडे वळले. तो पाय कागदावर नुसता ठेवलेला होता, पाहुण्यासारखा. त्याच्याभोवतीही रेघ मारली. अरुंद आली, पोरसवदा. मी पेन्सिल उचलणार, तेवढ्यात माझ्या डोक्यावरचा भार थोडा कमी झाला. मग आणखी कमी झाला. आता तिथे नुसता हात होता, केसांवर, गार. आणि माझ्या नाकासमोर ताईचा उजवा पाय हळूहळू रुंद होत होता, आधी टाच, मग कडेचं मांस, मग एकेक बोट, पेन्सिलीच्या रेघेवर चढून पलीकडे.

"झालं का गं?" तिनं विचारलं.

"थांब," मी म्हणाले. "अजून पसरतोय."